आत्या, उन्हाळ्याचं तेवढं राहिलं

आत्या,

तुम्ही गेल्यावर महिनाभरानं एका पहाटे मी पुन्हा पळायला निघाले. बूट घातले, लेस बांधली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले, कारण अंगात अजून घरातला गाऊन होता. काय घालायचं तेच ठरत नव्हतं. बाहेर गार आहे की उकडतंय हेसुद्धा मला धड सांगता येईना. हे चहा पीत मागाजवळ बसले होते. माझ्याकडं वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "आसंच जातीस काय?" मी हसले, आणि हसता हसता तिथंच पायरीवर बसून रडले. त्या दिवशी पळणं झालं नाही.

दीड वर्ष मी पळत होते आणि दीड वर्षात रोजचे कपडे मी क्वचितच ठरवले होते, हे मला त्या पहाटे कळलं. ते तुमचं काम होतं. तुम्ही त्यासाठी अंगणात जायचा नाहीत, आभाळाकडं बघायचा नाहीत. पुढच्या खोलीतल्या मागापाशी जाऊन बीमावरच्या उभ्या धाग्यांवर हाताची पालथी बाजू फिरवायचात आणि तिथूनच मला ओरडून सांगायचात. "सूत सादळलंय गं विजू, अंगाला चिकटंल आसं काय घालू नगंस." नाहीतर, "सूत ताठ हाय आज, वारं लागंल, पुऱ्या बाह्यांचं घाल." कोरड्या हवेत सूत ताठ होतं आणि पटापट तुटतं, दमट हवेत सादळून मऊ पडतं. हे बेळगावात, आपल्या वडगावात मागावर बसणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्यावरून सुनेचे पळायचे कपडे ठरवणारी सासू सगळ्या वडगावात एकच होती.

मी लिहायला बसले की शाळेच्या ऑफिसातली भाषा येते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं, सासूला अर्ज लिवतीस व्हय?" असू दे. तोंडानं बोलायला गेले की मी भांडते, म्हणून लिहिते आहे. आणि आपलं एक भांडण राहिलंय. थंडीचं मिटलं होतं, पावसाचं मिटलं होतं. उन्हाळ्याचं तेवढं राहिलं. उन्हाळ्यात पळताना सुती घालायचं की सुरती, यावर तुम्ही एक बोट मागं सरला नाहीत आणि मीही नाही.

सुरती हा तुमचा शब्द. जगातल्या सगळ्या पॉलिस्टरला तुम्ही सुरती म्हणायचात, मग ते कुठल्याही गावचं असो. सुती आणि सुरती, मधे एक अक्षर. पण त्या एका अक्षरानं आपल्या घरातले चार मागांचे दोन माग झाले होते, हे मी विसरत नव्हते. म्हणून तर हे भांडण नुसतं कपड्यांचं कधीच नव्हतं.

पण आधी पहिल्यापासून सांगते, कारण पहिल्यापासूनचे उपकार आहेत.

माझी साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला, जमलं तर पळा, गोळ्या वाढवायच्या नसतील तर दुसरा उपाय नाही. माझ्या वडिलांचा पाय याच साखरेनं गेला, निपाणीत आमच्या घरी मी तो बघितलेला. घरी आले तर तुम्ही माझं तोंड बघूनच ओळखलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी साडी नेसून चालायला निघाले तर तुम्ही दारात. "आशी गेलीस तर गल्लीच्या कोपऱ्यावर तोंडघशी पडशील. त्यापरास लुगडं नेस नऊवारी, कासोटा घाल, एका दमात कॅम्पात जाशील." मी म्हटलं, "तुम्ही चला की मग म्होरं." तुम्ही म्हणालात, "मी गेले तर तू मागं ऱ्हाशील, तुझीच लाज जाईल." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, पण माहेरच्या सख्ख्या आत्यानंसुद्धा मला इतकं चिडवलं नसेल.

मग मी पंजाबी ड्रेस घातला. ओढणी एका सायकलच्या हँडलात अडकली आणि मी सायकलवाल्यासकट फिरले. मग शाळेतल्या नंदा मॅडमनी ट्रॅक पॅन्ट आणून दिली. नंदा माझ्याबरोबर कामाला, कॅम्पात राहते, तिथल्या सपाट रस्त्यांवर ती कितीतरी वर्षं पळते. पॅन्ट घालून मी पहिल्या दिवशी गल्लीतून गेले तेव्हा समोरच्या काकू तुमच्यापाशी आल्या. मी परत येत होते, मला सगळं ऐकू येत होतं. "आक्का, तुमची सून पॅन्ट घालून पळतीया." तुम्ही सुताच्या कांड्या भरत होता, हात न थांबवता म्हणालात, "पळतीया नव्हं? पळून तर गेली न्हाय." काकू आल्या पावली परत गेल्या आणि नंतर पुन्हा कधी त्या गल्लीत कुणी काही बोललं नाही. आत्या, त्या दिवशी मी आत येऊन पाणी पिऊन थेट अंघोळीला गेले. तुमच्यापाशी थांबून एक शब्द बोलायला हवा होता. मला वाटलं, नंतर बोलू.

ती थंडी होती. आपल्या बेळगावची थंडी, धुक्यात समोरचा दिवासुद्धा नीट दिसायचा नाही. मी ह्यांचा जाड स्वेटर घालून पळायचे आणि दहा मिनिटांत आतून ओली व्हायचे, मग थांबले की तोच घाम गार पडून अंग कापायचं. आठवडाभर सर्दी. तुम्ही स्वेटर काढून घेतलात. "एक जाड नगं, दोन पातळ घाल. गरम झालं की वरचं काढून कमरंला बांध." मी म्हटलं, पातळानं थंडी कशी जाईल? तुम्ही अंथरुणातली वाकळ ओढून माझ्या अंगावर टाकलीत. "ह्यात जाड काय हाय सांग? समदी जुनी पातळ लुगडीच हायती. एकावर एक बसली की मधी हवा धरती, ऊब लागती." दुसऱ्या दिवसापासून मी अंगाबरोबरचा एक पातळ बनियन आणि वर एक पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालायला लागले. कानाला रुमाल बांधायचा, पण नाक उघडं ठेवायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. नंदानं मला विचारलं, हे कुठं वाचलं? मी म्हटलं, आमच्या घरात वाचावं लागत नाही.

मग उन्हाळा आला आणि तुमच्या हातून चूक झाली.

आता दोघी मोकळेपणानं हसू शकतो, म्हणून सांगते. तुम्ही मागावरचं साधं सुती कापड दोन वार कापून घेतलंत, शिलाई मशीनवर बसून मला बिनबाह्यांचा टॉप शिवलात. मापाला इतका बरोबर की टेलरनं मान खाली घालावी. मी घालून पळाले. वीस मिनिटांत मानेला, काखेत, कमरेला असं घासायला लागलं की मी हात पसरून चालत घरी आले. घामानं कापडातली खळ सुटली होती. अंगभर पातळ पेज फासल्यासारखं झालं होतं, आणि वाळल्यावर तेच कापड पत्र्यासारखं कडक. काखेत फोड आले. ह्यांनी ते बघून विचारलं, "आई, खळ धुतली न्हाईस?"

तुम्ही टॉपची कड बोटात धरून चोळून बघितलीत. सत्तर वर्षांच्या बाईनं, जिचा जन्म मागावर गेला, तिनं कोरं कापड न धुता शिवलं. मला त्यावर पुष्कळ हसू आलं, तेव्हा नाही, नंतर. पण विचार केल्यावर कळलं की ही चूक फक्त विणकराच्याच घरात होऊ शकते. आपण खळ लावतो, विणतो, घडी घालतो आणि कापड जातं. धुणं हे गिऱ्हाईकाचं काम. पुढं त्या कापडाचं काय होतं, ते घामात कसं वागतं, दहा धुण्यांनंतर कसं लागतं, ते तुमच्या हाताला कधी कळलंच नव्हतं. तुमची स्वतःची लुगडी तेवढी तुम्ही धुतलेली, आणि ती नेसून तुम्ही कधी पळाला नव्हता.

तुम्ही "चुकलं" म्हणाला नाहीत. आपल्या घरात ते कुणालाच म्हणता येत नाही, मला तर नाहीच नाही. संध्याकाळी माझ्या उशाशी खोबरेल तेलाची वाटी ठेवलेली होती. मी ती वापरली. पण त्या फोडांच्या निमित्तानं मी पळणं सोडलं. उन्हाळाभर गेले नाही. उकडतंय, कपडे टोचतात, परीक्षांचं काम आहे, रोज एक कारण. जूनमध्ये साखर तपासली तर वर चढलेली. डॉक्टर म्हणाले, "थंडीत पळता आणि उन्हाळ्यात बसता, असं चालणार नाही. पुढच्या उन्हाळ्यातही असंच झालं तर इन्शुलिन सुरू करू." ते ऐकताना तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. रिक्षात बसल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "म्होरल्या उन्हाळ्याचं मी बघते."

त्या पुढच्या उन्हाळ्याआधी पाऊस होता. आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की पंधरा पंधरा दिवस झिरपत राहतो, दोरीवरचे कपडे आठ दिवस वाळत नाहीत. सुती शर्ट भिजला की दुप्पट जड. मी पळत असायचे आणि शर्ट मला मागं ओढत असायचा. शेवटी नंदानं तिचा एक टी-शर्ट दिला, निळा, हातात घेतला तर वजनच नाही. घालून पळाले. भिजले, तरी अंगावर ओझं नाही, घरी येईपर्यंत निम्मा वाळला. मला इतकं बरं वाटलं आणि तेवढीच भीती वाटली, कारण तो पॉलिस्टरचा होता.

मी तो घरात लपवला. खोटं कशाला बोलू, लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईनं सासूपासून टी-शर्ट लपवला. शाळेच्या बॅगेत ठेवायचे, नंदाकडं धुवायचे. एक दिवस तिच्याकडं पाणी नव्हतं म्हणून घरी धुतला आणि मागच्या दोरीवर साडीच्या आड वाळत टाकला. संध्याकाळी आले तर तुम्ही स्टोव्हपाशी बसलेल्या. टी-शर्टाच्या खालच्या दुमडीतून एक धागा तुम्ही ओढून काढला होता आणि काडीनं पेटवला होता. सुताची राख होते, हे वितळून काळी गोळी झाली होती. ती गोळी तुम्ही माझ्यासमोर बोटाच्या टोकावर धरलीत. 

तीन दिवस तुम्ही बोलला नाहीत. मला ते तीन दिवस अजून आठवतात. मला ठाऊक होतं तुम्हाला काय दिसत असेल. मी नवी नवरी होते, तेव्हा आपल्या दारात टेम्पो उभा होता आणि दोन माग मोडून भंगारात निघाले होते. सुरतेच्या साड्या बाजारात आल्या, वाळायला हलक्या, इस्त्री नको, रंग जात नाही, बायकांनी त्या घेतल्या. त्यात बायकांचा काय दोष. पण त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. आणि आता त्याच धाग्याचं कापड तुमच्याच दोरीवर, तुमच्याच सुनेनं आणलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर अंगणात दोन कपडे टांगलेले. एक माझा सुती शर्ट, एक तो निळा. दोन्ही बादलीतून काढलेले, पाणी गळत होतं. तुम्ही खुर्ची टाकून बसलेल्या. दर थोड्या वेळानं उठून दोन्हीला हात लावायचात, तोंडाशी धरून फुंकर मारायचात, पलीकडं हात धरून वारा येतो का बघायचात. मी शाळेला गेले, परत आले. निळा कधीच वाळला होता. सुती अजून कमरेपाशी ओला. तुम्ही निळ्याची घडी घातलीत, चांगली, आपण विकायच्या साडीची घालतो तशी, आणि माझ्या हातात दिलीत. "पावसाला हेच घाल. पावसापुरतं."

आत्या, मी त्यावर काय म्हणाले आठवतंय? म्हणाले, "मी तेच सांगत होते." एवढंच. माझ्या पायासाठी तुम्ही कुठली गोष्ट गिळलीत हे मला कळत होतं आणि मी वर हे बोलले. तेव्हा तुमच्या पाया पडायला हवं होतं. आज पडते.

पुढची थंडी आपली फार छान गेली. तुम्ही अगदी तयार झाल्या होता. सूत बघायचं, मग मला हाक. मी हसत घालायचे आणि बहुतेक वेळा तुमचं बरोबर यायचं. एक दिवस चुकलं, तुम्ही दोन घालायला लावलं आणि मी घामाघूम परत आले, तर तुम्ही म्हणालात, "सुतानं फसवलं, मी न्हाय." दहा किलोमीटर मी त्याच थंडीत पहिल्यांदा पळाले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "कुठवर गेलतीस?" मी सांगितलं. तुम्ही गल्लीत जाऊन समोरच्या काकूंना सांगून आलात, "कुठवर" ते दुप्पट करून.

मग तुम्हाला धाप लागायला लागली. पायांना सूज. दवाखाना, गोळ्या, पुन्हा दवाखाना. तिथं खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा तुम्ही चादर बोटात धरून चोळून बघितलीत आणि नर्सला सांगितलंत की हिच्यात सुरती मिसळलंय. ती बिचारी कानडी बोलणारी पोर, तिला वाटलं तुम्हाला चादर बदलून हवी. तिनं दुसरी आणली, ती पूर्णच सुरती निघाली. आपण दोघी किती हसलो. तुम्हाला हसताना धाप लागली म्हणून मला ओरडा बसला.

घरी आणल्यावर आठ दिवसांनी आपलं ते भांडण झालं. तुम्हीच काढलंत. "उन्हाळा आला गं जवळ. सुती शिवायला पायजे." मी म्हटलं, "आत्या, उन्हाळ्यातबी मी तो निळाच घालणार. गेल्या साली काखेत फोड आलते, विसरलासा?" तुम्ही म्हणालात, "ते खळीमुळं. त्यात सुताचा काय दोष? उन्हात सुरती अंगाला चटका देतंय. सुती घाम पितंय आणि गार करतंय." मी म्हटलं, घाम पितंय आणि जड होऊन बसतंय. तुम्ही म्हणालात, न्हाय. मी म्हटलं, व्हय. माझ्या डोक्यात डॉक्टरांचं ते इन्शुलिन होतं, तुमची औषधं होती, शाळेतला मार्च होता. आणि मी म्हणाले, "तुम्ही कधी पळालाय काय जन्मात? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "व्हय, पळाले न्हाय," म्हणालात, आणि भिंतीकडं तोंड केलंत.

त्यानंतर आपण बोललो. जेवणाचं बोललो, गोळ्यांचं बोललो, वन्संच्या पोरीच्या लग्नाचं बोललो. पण त्याचं बोललो नाही. पाचव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. माझं शेवटचं भांडण तेवढं घरात राहिलं.

वन्सं चिकोडीहून आल्या होत्या, तेरावं झाल्यावर त्यांनी तुमची पेटी उघडली. रीतीप्रमाणं लुगडी वाटायची. चांगली नवी होती ती बहिणींना, जावांना गेली. मला विचारलं, तुला कुठलं? मी तळातलं एक काढलं. तपकिरी, बारीक चौकड्याचं, तुमच्या तरुणपणी आपल्याच मागावर विणलेलं. इतकी वर्षं धुऊन धुऊन ते असं झालं होतं की हातात घेतलं तर हाताला काही लागतच नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "हे विरलंय गं. वाकळंला बरं. दुसरं घे." मी म्हटलं, मला हेच पाहिजे, मी फाडून पळायचा टॉप शिवणार आहे.

वन्संचा चेहरा उतरला. "आईचं लुगडं फाडून पळणार? लोक काय म्हणतील सोड, तुला कसं वाटंल?" त्या रागावल्या नव्हत्या, रडत होत्या.  मी म्हटलं, "वन्सं, आमचं एक भांडण राहिलंय. त्याला हेच लागणार." त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. त्यांनी लुगडं माझ्याकडं दिलं आणि जाताना मशीनपाशी थांबून म्हणाल्या, "पदर फाडू नगंस तेवढा." मी फाडला नाही.

टॉप मी शिवला, तुम्ही शिवलेल्या त्या टॉपचं माप घेऊन. शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, म्हणजे आत काही टोचू नये. काखेत कापड दुहेरी केलं नाही. गळा थोडा खाली. आणि त्याला इतक्या वर्षांत किती पाणी लागलं असेल ते असेल, तरी पुन्हा दोनदा धुतला. एकदा पोळलेली बाई आहे मी.

मग मी तेच केलं जे तुम्ही पावसात केलं होतं. एका रविवारी निळा घालून पळाले, पुढच्या रविवारी तुमचा. मुद्दाम उशिरा निघाले, ऊन लागू दिलं. दोन्ही वेळा तोच रस्ता. एवढ्यावर थांबले नाही, कारण तुम्ही नेहमी म्हणायचात की वडगावची हवा निराळी, निपाणीचं ऊन निराळं. मी निपाणीला भावाकडं गेले आणि तिथं दोन्ही घालून पाहिले. तिथं हवा कोरडी, वारा तापलेला, रस्त्यावर सावली नाही. वहिनी म्हणाली, ही खुळी झालीय. भाऊ म्हणाला, ती आधीपासूनच हाय.

आता ऐका. निळा हलका राहिला, पण ऊन चढल्यावर तो अंगावर तापायला लागला, पाठीला चिकटला, वास मारायला लागला. तुमचा पहिल्या दहा मिनिटांत ओला झाला. मला वाटलं, घ्या, मी म्हणत होते तेच. पण तो जड झाला नाही, जड व्हायला त्यात आता काही उरलेलंच नव्हतं. आणि निपाणीचा तो कोरडा वारा त्या ओल्या कापडातून आत आला तेव्हा पाठ अशी गार झाली की मी रस्त्यातच थांबले. चाळीस मिनिटं पळाले. घासलं नाही, टोचलं नाही, फोड नाही. दोन तास पळायचं असेल तर कदाचित निराळं होईल, ते मला माहीत नाही. पण मला रोज चाळीस मिनिटंच पळायचं आहे, आणि तेवढ्याला तुमचं बरोबर होतं. कोरं नको, जुनं पाहिजे, ही तेवढी माझी भर. ती तुम्ही मान्य केली असती असं मला वाटत नाही. तुम्ही म्हणाला असता, मी तेच सांगत होते.

आत्या, मी कधी म्हटलं नाही, ते आता म्हणते. तुमचं खरं होतं. पळाला नसाल, तरी तुम्हाला कळत होतं. मी जे बोलले ते चुकलं. तुमच्या मुलाशी लग्न करून मी या घरात आले, पण माझ्या अंगाची काळजी माझ्या आईनंतर कुणी केली असेल तर ती तुम्ही केलीत. आज किती गार आहे, किती ओलं आहे, विजूला आज काय सोसेल, असं रोज पहाटे उठून दुसऱ्या बाईसाठी कोण बघतं? माझ्या ओळखीत कुणी नाही. ते मी दीड वर्ष फुकट घेतलं आणि वर वाद घातला. मला ते मिळालं म्हणून मी फार सुखी आहे, हे तुम्हाला सांगायचं होतं. दुःख आहेच, पण आधी हे.

हा सगळा उन्हाळा मी पळते आहे. पायरीवरच्या त्या पहाटेनंतर एक दिवस चुकवला नाही. नंदाला मी जुन्या सुती साडीचा टॉप शिवून दिला, तर ती म्हणते, तुझ्या सासूबाईंनी दुकान काढायला हवं होतं.

काल साखरेचा रिपोर्ट आला. उतरली आहे, डॉक्टर म्हणाले, इन्शुलिनचा विषय बंद. कागद हातात घेऊन मी रिक्षानं घरी आले, चपला काढायच्या आधी दारातूनच मोठ्यानं हाक मारली, "आत्या, उतरली."

माग थांबला, आणि आतून ह्यांनी ओ दिली.